पिकअपच्या हौद्यात होडीच्या फळ्या

मित्रांनो, भंगारवाला माझ्याकडे बघतो तेव्हा त्याला नुसतं लोखंड दिसतं. तेही सडकं. पण मी एक पिकअप गाडी आहे. जुनी असले, विटांवर उभी असले, तरी गाडीच आहे. शिरवण्यातले लोक मला ‘नामाचा टेम्पो’ म्हणायचे. चार चाकं, पुढे ऐटदार केबिन, मागे लांबरुंद उघडा हौदा, एवढा सगळा थाट आणि म्हणे टेम्पो! मला भारी राग यायचा. आता मात्र कुणी टेम्पो म्हणून हाक मारली तरी मी खुशीने हॉर्न वाजवीन. पण हॉर्नही केव्हाच काढून नेलाय.

माझी पहिली काही वर्षं मुंबईत गेली. एका छापखान्यासाठी मी कागदाची रिळं वाहत असे. कागद म्हणजे कोरडा, शहाण्यासारखा बसून राहणारा माल. थेंबभर पाणी अंगावर आलं तरी मालक ताडपत्री घेऊन धावायचा. त्यामुळे माझ्या हौद्याचा रंग जसाच्या तसा राहिला. हौद्याच्या कोपऱ्यांत कारखान्यानेच दोन भोकं ठेवली होती, आलंगेलं पाणी खाली निघून जावं म्हणून. ती भोकं कशाला लागतात हे तेव्हा मला ठाऊकही नव्हतं.

मग एकोणऐंशी साली छापखान्याने मला विकलं आणि खाडीवरचा पूल ओलांडून मी नव्या मुंबईत आले. नवी मुंबई म्हणजे तेव्हा काय, तर मातीचे ढीग, मोजणीचे दगड, अर्धवट इमारती आणि त्यांच्यामध्ये जुनी गावं. त्यातल्या शिरवण्यातल्या नामाने मला घेतलं.

नामा आधी शेतकरी होता. पावसाळ्यात खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत भातशेती करायची आणि इतर दिवसांत आपली छोटी होडी घेऊन खाडीत जाळं टाकायचं, असं त्याचं आयुष्य गेलं होतं. नव्या शहरासाठी शेत गेलं. खाडीच्या तोंडाशी मातीचा भराव पडला आणि होडीला पाण्यापर्यंत जायची वाटही राहिली नाही. त्याच वर्षी त्याची बायको सगुणा तापाने गेली. एका वर्षात एवढं सगळं. माणूस कोलमडला असता, पण नामा कोलमडला नाही. तो फक्त घरी एकटा बसेनासा झाला. म्हणून त्याने मला घेतलं. बसून राहायचं नाही, एवढाच त्याचा हट्ट होता.

त्याचा मुलगा कान्हा जवळच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात कामाला होता आणि बायकोबरोबर, स्मिताबरोबर, वाशीला भाड्याच्या खोलीत राहायचा. मी आले त्या दिवशी तो माझ्याभोवती एक फेरी मारून बापाला म्हणाला, “बाबा, हे वयात गारी कशाला? चल ना माज्याकडं.”

“तुज्याकडं येऊन काय करू? खिरकीत बसून कावले मोजू?” नामा म्हणाला.

कान्हाने बराच वेळ समजावलं. शेवटी तो थकून म्हणाला, “बरं, गारी चालतंय तवर ऱ्हा हितं. गारी बसली, का तू माज्याकडं यायचं. मग काय बी ऐकनार नाय मी.”

नामाने माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, “कबूल.”

तर मित्रांनो, असा तो करार होता, आणि माझं मत कुणी विचारलं नव्हतं. मी चालते तोवर नामा आपल्या घरात, आपल्या गावात. मी थांबले की तोही थांबणार. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तसं एका गाडीच्या जिवावर एवढं मोठं ओझं टाकलं होतं.

कामाला तोटा नव्हता. पहाटे दिवाळे गावाच्या बंदरावर जायचं, कोळणींच्या मासळीच्या पाट्या भरायच्या आणि बाजारात पोचवायच्या. दिवसा गिरगाव, परळ, दादरहून नव्या फ्लॅटमध्ये येणाऱ्या लोकांचं सामान वाहायचं. पहाटे मासळी आणि दुपारी कुणाचं तरी नवंकोरं कपाट! सामानवाले नाक मुरडायचे. बर्फाचं खारं पाणी माझ्या हौद्याचा रंग खाऊ लागलं आणि कपाटाचे पाय त्यावर ओरखडे काढू लागले. हौद्यात काहीतरी अंथरायला हवं होतं.

गावाच्या कडेला, कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर रावसाहेब मिस्त्रीचं गॅरेज होतं. नाव रावसाहेब, पण अंगावर कायम ऑइलने काळी झालेली बनियन. साताऱ्याकडचा माणूस, तोंडाने फटकळ, हाताने प्रेमळ. नामा त्याच्याकडे सल्ला विचारायला गेला.

रावसाहेबाने आधी पत्रा टाकून दाखवला. पत्र्यावर पाटी ठेवली की ढोल बडवल्यासारखा आवाज व्हायचा, आणि मासळीचं पाणी सांडलं की त्यावर माणूस उभा राहीना. पाटी उतरवताना गोजरा कोळीण घसरली ती थेट हौद्यामागच्या माझ्या फळक्यावर आपटली.

“नामा, तुजी गारी हाय का घसरगुंडी?” ती ओरडली. पुढचा अर्धा तास तिने जे काही म्हटलं ते तुम्हा मुलांना सांगण्यासारखं नाही. पत्रा दुसऱ्याच दिवशी निघाला.

मग रावसाहेबाने खडीच्या मशीनचा जुना रबरी पट्टा आणला. खाणीतून टाकून दिलेला, जाड, काळा. तो हौद्यात नुसता अंथरायचा, ठोकायचा नाही. तुम्हांला सांगते, काय सुख होतं! वर कपाट आदळलं तरी मला गुदगुल्या झाल्यासारखं वाटायचं. “आठवड्याला हा उचलायचा, खाली गोडं पाणी मारायचं, उन्हात वाळू द्यायचं, परत टाकायचा. एवढं केलं की गाडी म्हातारी होईल पण मरायची नाही,” रावसाहेब म्हणाला.

मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. हाच पट्टा राहू दे म्हटलं. पण माझ्या मनातलं माझ्या मनातच राहणार होतं.

नामाला पट्टा आवडला नाही. रबराचा वास मासळीला लागतो म्हणाला. ते निमित्त होतं. खरं कारण त्याच्या अंगणात उपडं पडलं होतं. होडी! पाण्यावाचून ती उन्हात तडकत होती, आणि येताजाता नामा तिच्यावर हात फिरवत होता. एके दिवशी सकाळी त्याने करवत घेतली आणि होडीपाशी बसला. गावातले लोक बघायला जमले. नामाने एक एक फळी सोडवली. अस्सल सागाची लाकडं, दोन पिढ्या खाडीत भिजलेली.

त्या फळ्या त्याने माझ्या हौद्यात बसवल्या. आणि कशा बसवल्या! ज्याने आयुष्यभर होडी सांभाळली तोच तसं बसवू शकतो. फळीला फळी भिडवून सांध्यांत राळेत भिजवलेला कापूस ठोकला. वरून मुशी माशाचं तेल चोळलं. कडांना डांबर ओतलं. शेवटी माझ्या कोपऱ्यांतली ती दोन भोकं त्याला दिसली. त्याने लाकडाच्या खुंट्या तासल्या आणि भोकांत घट्ट ठोकून बसवल्या.

रावसाहेब धावत आला. “अवो नामाबाबा, काय करताय? ती भोकं पानी जायला हायती! हितंच नाय, फळीला पन चार भोकं पाडा मी म्हनतो. पानी आत शिरलं तर बाहेर कुठनं जानार?”

“शिरलंच नाय पायजे,” नामा म्हणाला. “पानी आत येऊ द्यायचं नाय, यालाच होरी म्हनतात. बुडाला भोक पाडलेली होरी कुनी पाह्यलीय का मिस्त्री?”

“पन ही होडी नाय ना!”

नामा हसला, पण त्या हसण्यात हसू नव्हतं. “माज्याकडं आता दुसरी कुठं हाय,” तो म्हणाला.

रावसाहेब मान हलवत गॅरेजकडे परतला. मला मात्र ओरडावंसं वाटलं. अरे, होडी कायम पाण्यात असते, म्हणून तिची फळी फुगलेली राहते आणि सांधे मिटलेले राहतात. माझ्या हौद्यात पहाटे खारं पाणी आणि दुपारी रणरणतं ऊन! दुपारी फळी आक्रसायची, सांध्याला बारीक चीर पडायची. पहाटे त्या चिरेतून बर्फाचं पाणी आत झिरपायचं. मग फळी परत फुगायची आणि पाण्याला आत कोंडून टाकायची. रोज थोडं थोडं. वर सगळं कोरडं ठणठणीत, आणि खाली मी माझ्याच पोटात खाडी घेऊन फिरत होते.

लोक मात्र कौतुक करायचे. मुंबईहून येणाऱ्या बायका म्हणायच्या, “अय्या, काय सुंदर लाकडी तळ आहे हो! पाट मांडून जेवायला बसावं.” नामा फुलून यायचा. दर रविवारी तो मला तेल चोळायचा आणि बोटाच्या पेराने फळीवर टकटक करून कान लावायचा. फळीचा आवाज खणखणीत यायचा. “बेस हाय,” तो म्हणायचा. मग तिथेच हौद्यात टेकून तो सगुणाशी बोलायचा. आज बाजारात काय भाव लागला, कान्हा कसा बारीक झालाय, स्मिता किती मायेने वाढते. मी ऐकत असायचे. आम्ही दोघं एकमेकांच्या इतक्या जवळ होतो, आणि माझ्यात काय चाललंय ते त्याला ठाऊक नव्हतं. मित्रांनो, रस्त्याच्या कडेला एकटं उभं राहण्याचं मला काही वाटत नाही. पण कुणी जीव लावून रोज अंगावर हात फिरवतंय आणि त्याचा हात दुखऱ्या जागेच्या वरूनच फिरतोय, ते एकटेपण फार वाईट.

अशी वर्षं गेली. खालून गंजाचे पापुद्रे गळू लागले. गोजरा एकदा नाक धरून म्हणाली, “नामा, तुजे गारीत काय तरी सरलंय.”

“तुजीच मासली असंल,” नामा म्हणाला.

“माजी मासली ताजी असते मेल्या! फली उचलून बघ एकदा.”

रावसाहेबानेही चाक बदलताना खाली वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. “नामाबाबा, वरून कीर्तन आतून तमाशा चाललाय. आज फळ्या काढा. अजून पत्रा मारता येईल.”

नामा त्या दिवशी घरी आला. पहार घेऊन हौद्यात चढला. पहिल्या फळीखाली त्याने पहार घातलीही. आणि तसाच थांबला. मला कळलं तो का थांबला. खाली काही वाईट निघालं तर गाडी बसणार, आणि गाडी बसली तर घर सुटणार, ओटा सुटणार, सगुणाची खोली सुटणार. बघितलंच नाही तर काही झालंच नाही, असं माणसाला वाटतं. त्याने पहार काढून घेतली आणि कडेला नवं डांबर ओतलं. मला त्याचा राग आला नाही. त्याची कीव आली, आणि माझीही.

शहाऐंशी साली कान्हाने बेलापूरला स्वतःचा फ्लॅट घेतला. स्मिताची कचेरी तिथून जवळ होती. सामान अर्थातच मी नेणार होते! वाशीहून खाट, भांडी, शिलाईचं मशीन आणि लोखंडी कपाट भरलं. नामाने मला झेंडूची माळ घातली होती. बेलापूरच्या सोसायटीच्या दारात मी थांबले. कान्हा हौद्यात चढला, त्याने कपाटाला पाठ लावून ढकललं, आणि फळीची कड खचली. तिच्याखाली काही उरलंच नव्हतं. कान्हाचा पाय माझ्या सडलेल्या पत्र्यातून मांडीपर्यंत खाली गेला.

त्याची किंकाळी मला अजून ऐकू येते. नामा केबिनमधून उतरून मागे आला, आणि त्याला माझ्या पोटाखाली, दोन चाकांच्या मध्ये, आपल्या मुलाचा रक्ताळलेला पाय लोंबताना दिसला.

पाय वाचला. टाके पडले, हाड मोडलं, कान्हा पुढे थोडा लंगडत चालू लागला, पण वाचला. कराराची आठवण कुणाला करून द्यावीच लागली नाही. नामा स्वतःच म्हणाला, “कान्हा, मी येतो तुज्याकडं.” शिरवण्याच्या घराला कुलूप लागलं.

मला ओढत रावसाहेबाच्या गॅरेजमागे आणलं. त्याने फळ्या उचलल्या. फळ्या अजून धडधाकट, आणि खाली माझा पत्रा पापडासारखा. हाताने मोडायचा. सांगाडाही खाल्ला गेला होता. “आता काय नाय करता येत बाई,” रावसाहेब मला म्हणाला. मला ‘बाई’ म्हणणारा तो एकटाच. त्याने माझी चाकं काढली, मला विटांवर ठेवलं आणि फळ्या माझ्याच हौद्यात आडव्या टाकल्या. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. नामा आला नाही. रोज वाटायचं, आज येईल. गाडीला वाट बघायला शिकवावं लागत नाही, ती उभीच असते.

बऱ्याच महिन्यांनी एका रविवारी स्कूटरचा आवाज आला. पुढे कान्हा, मागे नामा. नामाला मी आधी ओळखलंच नाही. अंगावर इस्त्रीचा शर्ट, पायात नव्या चपला, दाढी गुळगुळीत. आणि डोळे विझलेले.

तो लांब उभा राहिला. कान्हा रावसाहेबाला बाजूला घेऊन म्हणाला, “मिस्त्री, बाबाला काय झालंय काय कलत नाय. डाक्टर बोलतो सगला ठीक हाय. पंखा हाय, टीव्ही हाय, स्मिता दोन वेला ताजा जेवन करते. एकट्याला खाली पन सोडत नाय आमी, रस्ता वलांडताना काय जालं तर? तरी त्यो बोलतच नाय. म्हटलं, गारी दाखवावी.”

तोवर नामा माझ्यापाशी आला होता. फळी बाजूला करून त्याने पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, खाली बघितलं. भोकातून हात घातला. गंज त्याच्या तळव्याला लागला. त्याने तो तळहात रावसाहेबापुढे धरला.

“मिस्त्री,” तो म्हणाला, “हिला तोंड असतं तर हिनं मना सांगितलं असतं?”

“सांगितलं असतं? पहिल्याच वर्षी शिव्या घातल्या असत्या!” रावसाहेब म्हणाला.

नामा हसला. किती दिवसांनी तो हसला असेल कोण जाणे. आणि हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला आणि तो रडू लागला. माझ्या फळक्याला धरून, लहान मुलासारखा. कान्हा लंगडत धावला.

“बाबा! काय जालं? काय कमी हाय तुला माज्याकडं?”

“काय कमी नाय रं,” नामा म्हणाला. “तू काय बी कमी केलं नाय, तुजी बायको तर लक्षुमी हाय. पन माजा जीव घुसमटतो तिथं. चारी बाजूनी दार लावल्यावानी वाटतं. मना घरी जायचंय, कान्हा. मना माज्या घरी जायचंय.”

“मग एवढे दिवस बोललास का नाय?”

नामाने कान्हाच्या पायाकडे पाहिलं. “कोन्च्या तोंडानं बोलू? माज्यापायी तुजा पाय...”

“आरं, पायाचं काय घेऊन बसलास!” कान्हा ओरडला. “मी काय तुला डांबून ठेवला व्हता का? मना वाटलं, तुला आता कंदी एकटा सोडायचा नाय. एकदा बोलायचं तरी!”

दोघंही माझ्या फळक्याला टेकून उभे राहिले. रावसाहेब उगाच एक पाना पुसत बसला. कान्हाने नाक पुसलं आणि विचारलं, “घराची किल्ली हाय ना तुज्याकडं?”

नामाने शर्टाच्या आतून, गळ्यातल्या दोऱ्याला बांधलेली किल्ली काढून दाखवली. ती त्याने एवढे महिने अंगावरच ठेवली होती. कान्हाने स्कूटर सुरू केली आणि बेलापूरकडे न वळता गावाकडे वळवली. जाताना नामाने मागे वळून पाहिलं नाही. मी समजू शकते. घरी निघालेला माणूस मागे कशाला बघेल?

कान्हा आता दर रविवारी स्मिताला घेऊन शिरवण्याला येतो, असं रावसाहेब कोंबड्यांना सांगत असतो. होडीच्या फळ्याही नामाने नेल्या, ओट्यावर बाक करायला. माझा हौदा आता उघडा पडला आहे. पाणी पडलं की सरळ भोकातून खाली जातं. इतकी कोरडी मी किती वर्षांत नव्हते! पण कोरडं राहून काय करू? ठेवायला कुणी काही आणत नाही.

मित्रांनो, मी पडले भंगार, तुम्हांला शहाणपण शिकवणारी मी कोण? तरी एवढं सांगते. तुमची सायकल असो, कपाट असो, घरातली म्हातारी माणसं असोत, नुसतं वरून तेल लावून खूश होऊ नका. कधी खाली वाकून बघा, आणि भीती वाटत असेल तर आधी बघा. आणि कुणी मायेनेच पण चुकीची काळजी घेत असेल, तर त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प राहू नका. मला बोलता आलं नाही, म्हणून मी इथे विटांवर आहे. नामा बोलला, म्हणून तो घरी आहे.